'अपोरिया'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: प्लेटोच्या संवादांबद्दल वाचताना 'अपोरिया' हा ग्रीक शब्द वारंवार भेटतो. मराठीत त्याला कुणी 'संभ्रम' म्हणतं, कुणी 'पेच', कुणी 'किंकर्तव्यमूढता'. यांतला योग्य शब्द कोणता?

प्लेटोपुरतं बोलायचं तर मला यांतला एकही पुरेसा वाटत नाही. आपल्याकडे त्यासाठी रोजच्या वापरातलं एक साधं क्रियापद आहे: अडणे. ग्रीक शब्दाच्या ज्या छटा प्लेटो एकमेकींत गुंफतो, त्या जवळजवळ सगळ्या 'अडणे'त आधीपासून आहेत. 'संभ्रम' घेतला की त्यांतल्या बहुतेक गळून पडतात.

आधी शब्दाची घडण पाहू. 'अ' हा नकार, आणि 'पोरोस' म्हणजे पलीकडे जायची वाट. विशेषतः नदी ओलांडायची जागा, आपण जिला नदीचा उतार म्हणतो ती. बॉस्पोरस या सामुद्रधुनीच्या नावात हाच शब्द आहे. ग्रीक लोक त्याचा अर्थ 'गाईचा उतार' असा लावत आणि पुराणकथेतली, गाय झालेली इओ तिथून पार गेली अशी कथा सांगत. पुढे 'पोरोस'ला साधन, पैसा उभा करायचा मार्ग असाही अर्थ आला. अथेन्सचं उत्पन्न कसं वाढवावं यावर सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफन याने लिहिलेल्या पुस्तिकेचं नावच 'पोरोई' आहे. गलबतातून माल नेणारा व्यापारी तो 'एम्पोरोस', आणि त्याच्या पेठेचं नाव आज आपल्याकडे साड्यांच्या दुकानांवर 'एम्पोरियम' म्हणून झळकतं. व्युत्पत्तिकार 'पोरोस'चं नातं संस्कृतातल्या 'पिपर्ति', म्हणजे पार नेतो, या क्रियापदाशी जोडतात. त्यामुळे 'अपार' हा शब्द वापरायचा मोह होईल; पण मराठीत अपार म्हणजे अमर्याद, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये.

तर अपोरिया म्हणजे उतार न सापडणं आणि हाताशी साधन नसणं, दोन्ही. मराठीत गाडं अडतं, घोडं अडतं, तसा माणूस पैशावाचूनही अडतो. 'अडल्यानडल्याला मदत करावी' म्हणतो तेव्हा रस्त्यातला धोंडा कुणाच्या मनात नसतो, गरज असते.

आता 'मेनो' हा संवाद घ्या. ग्रीसमधल्या थेसलीचा श्रीमंत तरुण मेनो प्लेटोचा गुरू सॉक्रेटिस याला विचारतो, सद्गुण शिकवून येतो का? सॉक्रेटिस म्हणतो, सद्गुण म्हणजे काय हेच मला माहीत नाही, तूच सांग. मेनोला ते अगदी सोपं वाटतं. पुरुषाचा सद्गुण वेगळा, बाईचा वेगळा, मुलाचा वेगळा, म्हाताऱ्याचा वेगळा, अशी यादी देऊन तो म्हणतो की हे सांगण्यात अपोरिया काहीच नाही. इथे 'संभ्रम नाही' लिहिलं की वाक्य विझतं. 'सांगायला काही अडत नाही' म्हटलं की त्या तरुणाची ऐट ऐकू येते. आणि काही पानांनंतर हाच मेनो कबूल करतो की या विषयावर मी लोकांपुढे हजारदा बोललोय, पण आता सद्गुण म्हणजे काय तेच मला सांगता येत नाही. वीज सोडणाऱ्या पाकटासारखं तू मला बधिर केलंस. त्यावर सॉक्रेटिसच्या उत्तराचा आशय असा: मला वाट ठाऊक आहे आणि मी इतरांना अडवतो, असं नाही, मी स्वतःच सगळ्यांहून जास्त अडलोय, म्हणून माझ्याबरोबरचेही अडतात. सॉक्रेटिसबद्दलचे कितीतरी गैरसमज या एका वाक्याने दूर व्हावेत. तो उत्तर लपवून ठेवणारा परीक्षक नाही.

या दोन जागांच्या मधे तोच शब्द तिसऱ्यांदा येतो, आणि भाषांतरांत तो हमखास हरवतो. चांगल्या वस्तू मिळवण्याची ताकद म्हणजे सद्गुण, अशी एक व्याख्या मेनो करतो. त्या वस्तूंत सोनं-चांदी धरतो. सॉक्रेटिस विचारतो, ते अन्यायाने मिळत असेल आणि म्हणून कुणी ते मिळवलं नाही, तर ही 'अपोरिया' हाही सद्गुणच नव्हे का? इथे अर्थ सरळ पैशाची अडचण असा आहे. 'संभ्रम' इथे बसूच शकत नाही, म्हणून भाषांतरकार दुसरा शब्द घेतो, आणि मेनो बधिर होण्याआधीच ती अवस्था त्याच्यापुढे नाव घेऊन मांडली गेली होती हे वाचकाला कळत नाही. 'अडणे', 'अडचण' अशी एकाच कुळातली रूपं वापरली तर धागा तुटत नाही.

'संभ्रम'वरचा माझा मोठा आक्षेप मात्र याच संवादातल्या गुलाम मुलाच्या प्रसंगावरून आहे. दोन फूट बाजूच्या चौरसाचं क्षेत्रफळ चार चौरस फूट. ते आठ करायचं तर बाजू किती? मुलगा बेधडक म्हणतो, चार. सोळा होतात. मग म्हणतो, तीन. नऊ होतात. मग झ्यूसची शपथ घेऊन म्हणतो, मला माहीत नाही. सॉक्रेटिस मेनोकडे वळून विचारतो, हा अडला यात याचं काही नुकसान झालं का? ह्या मुलाच्या डोक्यात गोंधळ नाही. चार चुकलं आणि तीनही चुकलं, हे त्याला लख्ख दिसतंय. संभ्रमात माणसाला काय काय आहे ते कळेनासं होतं. अडलेल्याला आपण नेमके कुठे अडलो ते कळतं. त्यानंतरच तो पहिल्या चौरसाच्या कर्णावर काढलेल्या, म्हणजे आठ चौरस फुटांच्या, चौरसापर्यंत पोचतो.

प्लेटोच्या 'सिम्पोझियम' या संवादात तर 'पोरोस' हे एक पात्रच आहे. त्यातली दिओतिमा ही ज्ञानी बाई सांगते: सौंदर्यदेवता ॲफ्रोडाइटीच्या जन्माच्या मेजवानीत पोरोस अमृत पिऊन झ्यूसच्या बागेत झोपला, आणि दारिद्र्याची मूर्ती असलेली पेनिया आपल्या अपोरियेपायी त्याच्याजवळ निजली. त्यांचा मुलगा एरोस, म्हणजे प्रेम. कायम गरजवंत आणि कायम वाट काढणारा.

पण ज्या जागेने माझं मत पक्कं झालं ती 'थिएटेटस'मधली. हा संवाद ज्ञान म्हणजे काय यावर आहे. सॉक्रेटिसची आई फेनारेटी सुईण होती. आपणही तोच धंदा करतो, फक्त मनांची बाळंतपणं करतो, असं तो सांगतो. माझ्या सोबतच्यांना बाळंतिणीसारख्या कळा येतात, ते दिवसरात्र अपोरियेने भरून जातात, आणि त्या बायकांहूनही जास्त, असं त्याचं म्हणणं. आता मराठी ऐका. प्रसूती होत नसेल तर आपण काय म्हणतो? बाई अडली. अडलेल्या बाईला सोडवणं हे सुईणीचं काम. प्लेटोला ज्या रूपकासाठी पानभर खपावं लागलं, ते मराठीत क्रियापदाच्या पोटातच आहे.

'किंकर्तव्यमूढता' तर सोडूनच द्यावी. तिच्यात 'काय करावं' हा प्रश्न आहे. गीतेतल्या अर्जुनाला तो होता. प्लेटोच्या 'युथिफ्रो' संवादातल्या युथिफ्रोला तसला प्रश्नच पडलेला नाही. त्याच्या बापाने एका मजुराला बांधून खंदकात टाकलं आणि तो भुकेने, थंडीने मेला; म्हणून युथिफ्रो बापावरच खटला भरायला निघालाय, ठाम पावलांनी. तो अडतो ते पुण्य म्हणजे काय हे सांगताना. देवांना प्रिय म्हणून पुण्य, की पुण्य म्हणून देवांना प्रिय? कृतीबद्दलची खात्री आणि व्याख्येबद्दलचं अडलेपण एकाच माणसात शेजारी शेजारी आहेत, त्या संवादाची धार तिथेच आहे.

'पेच' हा शब्द मी ॲरिस्टॉटलसाठी राखून ठेवेन. 'मेटाफिजिक्स'च्या तिसऱ्या पुस्तकात तो डझनभराहून अधिक अपोरिया एकापुढे एक मांडतो. तिथे ती मनाची अवस्था कमी आणि मोजता येण्याजोगे प्रश्न जास्त, म्हणून 'पेच' चपखल. तरी त्याच्या सुरुवातीच्या वाक्यांत पुन्हा जुनी प्रतिमा डोकावते: ज्यांना मोकळं व्हायचंय त्यांनी आधी नीट अडून घ्यावं, कारण जी गाठच माहीत नाही ती सोडवता येत नाही.

राहिला विशेषणाचा प्रश्न. 'युथिफ्रो', 'लॅकेस', 'कार्मिडीस', 'लायसिस' हे संवाद पुण्य, धैर्य, संयम, मैत्री यांच्या व्याख्या शोधतात आणि व्याख्या हाती न येताच संपतात. त्यांना 'अनिर्णित' म्हणू नये. त्याने दोन बाजू बरोबरीत सुटल्यासारखं वाटतं. 'निष्फळ' तर नकोच. 'लॅकेस'च्या शेवटी सगळे अडलेले असतात, पण उद्या सकाळी पुन्हा भेटायचं ठरवूनच उठतात. मी त्यांना 'अडून थांबलेले संवाद' म्हणेन. अभ्यासाच्या लेखनात नामच हवं असेल तर 'अपोरिया' देवनागरीत तसाच ठेवावा, पहिल्यांदा येईल तिथे शेजारी 'अडलेपण' लिहावं, आणि पुढे शक्य तिथे क्रियापदानेच काम भागवावं.