कोकणातल्या छोट्या कॉलेजात राहून फिजिक्समध्ये संशोधन करता येतं का?

तुम्ही लिहिलंय की एमएस्सी झालंय, सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तास मिळतायत, लॅब जेमतेम आहे, आणि पुण्यातले मित्र म्हणतात की तिकडे गेलास की संशोधन विसर. मी अशाच एका कॉलेजात सत्तावीस वर्षं फिजिक्स शिकवलं, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. तुमच्या मित्रांचं हे वाक्य माझ्याच स्टाफरूममध्ये इतक्यांदा ऐकलंय की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

करता येतं. आमच्याकडे झालंय, आणि ते करणारी टीवायची मुलगी होती.

आमच्या भागात कुणालाही विचारा, हेलियमचा शोध कुठे लागला? विजयदुर्गला. १८ ऑगस्ट १८६८, खग्रास सूर्यग्रहण, नॉर्मन लॉकियर नावाचा साहेब किल्ल्यावर दुर्बीण लावून बसला, सूर्याच्या उजेडाच्या रंगपट्ट्यात पिवळी रेघ दिसली, हेलियम सापडला. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात. दरवर्षी १८ ऑगस्टला कार्यक्रम होतात, भाषणं होतात. मीही पहिली कितीतरी वर्षं वर्गात हेच सांगत आले. ऐकलेलं सांगत होते, तपासलेलं नव्हे.

दहा-बारा वर्षांपूर्वी विजयदुर्गजवळच्या गिर्ये बाजूची एक मुलगी टीवायला होती. वडिलांची होडी. प्रोजेक्टचा विषय ठरवायला आली आणि चाचरत म्हणाली, "मॅडम, बाबांनी विचारायला सांगितलंय. ते म्हणाले, बाईंक विचार, श्रावणात आमच्या हय सूर्य दिसता खंय?"

मी गप्प झाले. सूर्यग्रहण अमावास्येलाच. १८ ऑगस्टची अमावास्या म्हणजे श्रावण संपतानाची, नारळी पौर्णिमा होऊन पंधरा दिवस झालेले. विजयदुर्गला त्या दिवसांत आभाळ कसं असतं हे मला कुणी सांगायला नको होतं, आम्ही त्या कार्यक्रमाला दरवर्षी छत्र्या घेऊनच जायचो. श्रावणात उघडीप पडते हे मान्य, त्यामुळे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण इंग्लंडहून दुर्बिणी घेऊन येणारा माणूस ऐन पावसाळ्यात घाटाच्या अलीकडे, समुद्रावर कशाला थांबेल? प्रश्न होडीवाल्याचा होता आणि फिजिक्सचा होता. मी म्हटलं, हाच तुझा प्रोजेक्ट.

आधी तिने ग्रहणाचं गणित केलं. नासाच्या ग्रहणसूचीतून दोन ग्रहणांचे बेसेलियन घटक, म्हणजे चंद्राची सावली कुठे पडेल ते काढायचे आकडे, घेतले, १८ ऑगस्ट १८६८ आणि २२ जानेवारी १८९८. कॉम्प्युटरच्या सरांकडे बसून पायथन शिकली आणि विजयदुर्गचे अक्षांश-रेखांश घालून सावली कधी कुठे पडते ते काढलं. १८६८ च्या निरीक्षणांची ठिकाणं माहीत होती, जमखंडी, विजापूर, गुंटूर, म्हणून प्रोग्रॅम आधी त्यांच्यावर पडताळला. निकाल असा आला की विजयदुर्ग दोन्ही वेळा खग्रासच्या पट्ट्यात. म्हणजे गावकऱ्यांची गोष्ट आकाशाच्या हिशेबाने अशक्य नव्हती. हे तिने रिपोर्टमध्ये पहिल्याच पानावर लिहिलं. आपल्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारी गोष्ट आधी मांडायची, ही सवय मी तिला शिकवलेली नाही, तिची तीच.

मग माणूस शोधला. १८६८ च्या ऑगस्टमध्ये लॉकियर हिंदुस्थानात नव्हताच. गुंटूरला होता तो फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ जान्सेन. सूर्याच्या ज्वाळांच्या रेघा इतक्या ठळक आहेत की त्या ग्रहणाशिवायही दिसतील हे त्याच्या तिथे लक्षात आलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याने त्या पाहिल्या. लॉकियरने तीच युक्ती स्वतंत्रपणे २० ऑक्टोबर १८६८ ला इंग्लंडमध्ये, आपल्या सव्वासहा इंची दुर्बिणीला स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे उजेड रंगांत फोडणारं यंत्र, जोडून केली. पिवळी रेघ सोडियमच्या जागेवर बसत नाही, हे म्हणणं त्याने पुढे लावून धरलं. पृथ्वीवर हेलियम रसायनशास्त्रज्ञ रॅमसेला सापडला तो १८९५ मध्ये, युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत.

मग विजयदुर्ग आणि लॉकियर यांचा संबंध काय? इथे ती तीन आठवडे अडकली. इंटरनेटवर विजयदुर्ग घालून जुनं काही सापडेना. एका संध्याकाळी जुन्या नकाशावर तिला गावाचं नाव वेगळ्या स्पेलिंगने दिसलं, 'व्हिझियाद्रुग'. ते टाकलं आणि सगळं समोर आलं. लॉकियर इथे आला होता, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रासला. 'मेल्पोमेनी' नावाच्या आरमारी जहाजाचे अधिकारी आणि खलाशी हाताशी घेऊन, त्यांच्याकडून यंत्रांवर तालमी करवून, दोन मिनिटांच्या आसपासच्या अंधारात प्रिझमॅटिक (लोलक लावलेल्या) कॅमेऱ्यांनी सूर्याच्या वर्णावरणाचे, म्हणजे बाहेरच्या पातळ थराचे, फोटो काढले. त्याचा सविस्तर अहवाल रॉयल सोसायटीने छापला आहे. पौषातली अमावास्या, आभाळ निरभ्र. ओट्यांचा संबंध लावायचाच तर माझ्या मते या सालाशी लावावा. त्याच ग्रहणाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले कावसजी दादाभाई नायगमवाला जेऊरला तळ टाकून होते, तेही आपल्यासारखे कॉलेजात शिकवणारेच.

मला सर्वांत आवडलेला भाग मात्र आमच्या लॅबमधला. तिने विचारलं, ग्रहण पाहणाऱ्या बहुतेकांना ती रेघ सोडियमची का वाटली असेल? आमच्याकडे होता तो साधा स्पेक्ट्रोमीटर, एक मिनिट लीस्ट काउंटचा (मिनिट म्हणजे इथे कोनाचं, अंशाचा साठावा भाग; त्याहून लहान फरक त्यावर वाचता येत नाही), आणि उजेड रंगांत फोडणारी, इंचाला पंधरा हजार रेघांची ग्रेटिंग, जी तुमच्या लॅबमध्येही असणार. कपाटात आधीच्या सरांनी कधीतरी मागवलेली हेलियमची डिस्चार्ज नळी होती, खोका न फोडलेला. पडदे ओढले. सोडियम दिवा आधी लालसर, मग हळूहळू पिवळा होत गेला. शेजारी नळीत फिकट गुलाबी उजेड. पहिल्या ऑर्डरला, म्हणजे ग्रेटिंगमधून दिसणाऱ्या पहिल्या रंगपट्ट्यात, सोडियम आणि हेलियम यांच्या पिवळ्या रेघांत फरक आला जेमतेम पावणेचार मिनिटांचा. व्हर्नियर, म्हणजे कोनाची बारीक मोजपट्टी, वाचताना डोळा जरा इकडचा तिकडे झाला की तो फरक संपतो. तिने सात वेळा रीडिंग घेतलं. मग दुसऱ्या ऑर्डरला गेली, जिथे रंग आणखी फाकतात, तिथे तो पावणेदहाच्या आसपास आला, सोडियमच्या दोन रेघाही सुट्या झाल्या आणि हेलियमची रेघ त्यांच्यापासून स्पष्ट बाजूला उभी राहिली. ५८७.६ नॅनोमीटर. लॅबमधल्या काकांनाही तिने डोळा लावून बघायला बोलावलं. "इतक्याशासाठी?" ते म्हणाले. हो, इतक्याशासाठीच. ग्रहणाच्या त्या मोजक्या मिनिटांत हा फरक न कळणं किती साहजिक होतं ते त्या दिवशी तिला कळलं, आणि मलाही.

पुढचं सांगते, कारण तुम्हाला तेच भेटणार आहे.

त्या वर्षीच्या १८ ऑगस्टच्या कार्यक्रमात मी तिला बोलायला उभं केलं. तिने दहा मिनिटांत सगळं शांतपणे मांडलं. पाहुणे म्हणून आलेले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, आपल्याच गावाचं नाव घालवायला कॉलेजात शिकवतात काय? टाळ्या त्यांना पडल्या. पोर व्यासपीठावरून उतरून माझ्याशेजारी येऊन बसली, कागदांची सुरळी करून. नंतर माझे एक वरिष्ठ म्हणाले, "बाई, लोकांच्या भावना असतात." आणि प्रोजेक्टच्या मूल्यमापनात शेरा आला की हे काम इतिहासाचं आहे, फिजिक्सचं नाही. गुण कापले. माझ्या पदोन्नतीच्या वेळी ते कुठल्याच रकान्यात बसलं नाही, कारण पेपर छापलेला नव्हता.

तेव्हा नीट बोलता आलं नाही, ते आज बोलते. ग्रहणाची सावली काढणं हे गणित आहे. तो प्रोग्रॅम माहीत असलेल्या ठिकाणांवर पडताळणं हे काँप्युटिंग आहे. पावणेचार मिनिटांचा फरक पुरत नाही म्हणून दुसऱ्या ऑर्डरला जाणं हे प्रायोगिक फिजिक्स आहे. यात इतिहास होता तो एवढाच, की ज्या दाव्याची परीक्षा घ्यायची तो दीडशे वर्षांपूर्वीचा होता. ज्यांनी गुण कापले त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट त्या वर्षी बाजारातून किट आणून जोडलेले होते, आणि त्यांना पूर्ण गुण होते.

आणि गावाचं नाव घालवलं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की १८९८ ची खरी गोष्ट खोट्या १८६८ पेक्षा मोठी आहे. ज्याने ती रेघ वेगळी ओळखली, तो माणूस तीस वर्षांनी जहाज भरून यंत्रं घेऊन तुमच्या किल्ल्यावर आला, काम केलं, आणि तुमच्या गावाचं नाव रॉयल सोसायटीच्या छापील अहवालात आहे. आणखी काय हवं?

तुमच्या मित्रांनाही एक सांगा. १८६८ मध्ये लॉकियर कुठल्या विद्यापीठात नव्हता. तो युद्ध खात्यात कारकून होता. नोकरी सांभाळून घरच्या दुर्बिणीतून सूर्य बघत होता.

आता तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल, राहिलं होतं ते. पीएचडी करा. मी वर जे लिहिलंय त्यावरून ती नको असा अर्थ काढू नका. कायम जागेसाठी सेट किंवा नेट ही पात्रता परीक्षा लागणार, पीएचडीशिवाय फार पुढे सरकता येत नाही, आणि सीएचबीच्या पैशांवर घर चालत नाही, सुट्टीत तर तेही नसतात. घरची जबाबदारी असेल तर केवळ कोकणच्या ओढीने थांबू नका. आणि विषय पाहून ठरवा. पातळ थर, कमी तापमान, असलं काही करायचं असेल तर इथे होणार नाही, पुण्या-मुंबईलाच जावं लागेल. थिअरी, गणित, कॉम्प्युटरवरचं काम, खगोल, भरती-ओहोटीची मोजणी असं असेल तर इथे राहूनही होतं, फक्त गाइड असा शोधा जो फोन उचलतो. हे शेवटचं मी फार महत्त्वाचं मानते.

पहिल्या वर्षी एवढं करा, लॅबमधली कपाटं उघडून काय काय पडलंय त्याची यादी करा. आमची नळी तशीच सापडली.

ती मुलगी आता देवगड तालुक्यात हायस्कूलला विज्ञान शिकवते. १८ ऑगस्टला ती सुट्टी घेत नाही आणि भाषणालाही जात नाही. २२ जानेवारीला नववीची मुलं घेऊन किल्ल्यावर जाते, आकाश बहुतेक वेळा स्वच्छ असतं, ओट्यावर पुठ्ठ्याचा स्पेक्ट्रोस्कोप धरून मुलं आभाळाच्या उजेडातल्या काळ्या रेघा बघतात. गेल्या वेळी मीही गेले होते. तिचे वडीलही आले होते, त्यांनाच पहिल्यांदा बघायला दिलं.