'अवतार: द वे ऑफ वॉटर' थिएटरात हुकला. सगळं कम्प्युटरवरच बनवलेलं असताना मोबाईलवर पाहिला तर काय बिघडलं?

मोबाईलवर नका पाहू. मोठा टीव्ही असेल तर त्यावर पाहा, दिवे घालवून. पण तुमचं ते 'सगळं कम्प्युटरवरच' वाचलं आणि राहवलं नाही.

मी मालवणात पर्यटकांना स्कूबाला उतरवतो. डिसेंबर 2022 मध्ये सिनेमा आला तेव्हा थ्रीडीसाठी पणजी गाठली. निघताना बाबा म्हणाले, "समुद्र दारात आसताना पाणी बघूक पणजीक कित्याक जावचा?" पुढच्या गणपतीत मुंबईहून भावोजी आले, आयटीतले. पंगतीतच सुरू झाले, "दोरीला लटकवून शूटिंग करतात रे, पाण्यात कोण उतरतंय!"

उतरले ना! दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनने कॅलिफोर्नियात 9 लाख गॅलनची टाकी उभारली आणि नटांना तिच्यात बुड्या मारायला लावल्या. त्याही सिलिंडरशिवाय, श्वास रोखून. का, ते आमच्या धंद्यातल्याला विचारा. सिलिंडर लावला की प्रत्येक उच्छ्वासाला बुडबुडे सुटतात. पर्यटकांचे व्हिडिओ काढताना रोज बघतो, पाऱ्यासारखे चमकत वर जातात आणि नेमका चेहरा झाकतात. तिथे तर कॅमेरे नटांच्या अंगावरच्या खुणांवरून हालचाल टिपत होते, तीच मग कम्प्युटरवरच्या पात्रांना दिली. बुडबुडा चमकला की खूण कुठली नि बुडबुडा कुठला, यंत्राला कळणार कसं? वरचे दिवे पाण्यात घुसून घोळ करतील म्हणून पाण्यावर छोटे पांढरे गोळे पसरले होते. केट विन्स्लेटने 7 मिनिटांहून जास्त श्वास रोखला. आमच्याकडे नवखा माणूस सिलिंडर असूनसुद्धा दोन फुटांवर अंगठा वर करतो, म्हणजे मला वर घ्या.

हे सगळं ऐकून भावोजींचं उत्तर, "दिसतं ते पाणी ग्राफिक्सचंच ना?" बहुतेक हो. पण थांबायचं म्हटलं तरी पाण्यात अंग थोडं पुढे जातंच, ते दोरीला लटकून कुणाला जमतं? आणि हे बोलणाऱ्या माणसाने सिनेमा पाहिला कुठे, तर मांडवी एक्स्प्रेसमध्ये, मोबाईलवर. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला की नेट गायब, मग तेवढा भाग ढकलून पुढे. वर म्हणे कथेत दम नाही.

कथा बेताचीच आहे, ते खरं. खलनायक पहिल्याच भागातला परत आणलाय आणि मुलं पुन्हा पुन्हा पकडली जातात. 3 तास 12 मिनिटं आहेत, पाण्याची आवड नसेल तर कंटाळाल. काही थिएटरांत पाण्याखालची दृश्यं सेकंदाला 48 फ्रेमनी, म्हणजे नेहमीच्या दुप्पट चित्रांनी दाखवली होती, ती मजा टीव्हीवरही येणार नाही. थ्रीडीने डोकं दुखत असेल तर मात्र टीव्हीच बरा.

पाहून झाला की इथेच लिहा, भावोजींना दाखवायचंय. शिव्या दिल्यात तरी चालेल, फक्त सबंध बघून द्या.