रोज किती व्यायाम म्हणजे जास्त?

तू विचारलंस, रोज दोन तास जास्त होतात का. तासांवर जाऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते, तेही आठवड्याला. पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चाललास तरी 150 भरतात. त्याहून जास्त करणारे खूप आहेत, पण त्यांनी ते हळूहळू वाढवलेलं असतं.

मी एक करतो. सकाळी डोळे उघडले की अंथरुणातच मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर नाडी मोजतो. माझी साधारण 62. दोन-तीन दिवस सलग 70 च्या वर दिसली, की शरीर अजून थकलेलं आहे असं समजून त्या दिवशी फक्त चालणं. सुरुवातीला हे आकडे मी झटकून टाकले होते. मग झोप उडाली, घरात सगळ्यांवर खेकसायला लागलो, आणि व्यायामात नेहमी उचलतो तेच वजन अचानक जड वाटू लागलं. गंमत म्हणजे त्यावर उपाय म्हणून मी व्यायाम आणखी वाढवला!

नवीन व्यायामानंतर एक-दोन दिवस अंग दुखतं, ते चालायचंच. पण सांध्यात एकाच जागी कळ येत असेल, तर थांब. आणि जबर व्यायामानंतर स्नायू सुजून लघवी चहासारखी गडद झाली, तर वाट न बघता डॉक्टरकडे जा. स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण येतो.

आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी ठेव. स्नायू भरतात ते विश्रांतीतच.