यॉर्कशायरमध्ये माउंटन बाइकिंगची सुरुवात कुठून करावी?

लीड्सला नवीन आलायत, बाइक घेतलीय आणि डेल्स (नद्यांची खोरी) की मूर्स (उंचावरची उघडी माळरानं) असा प्रश्न पडलाय, तर माझं मत: आधी डेल्समधली स्वेल ट्रेल. स्वेल नदीच्या खोऱ्यातून रीथ ते केल्ड, साधारण २० किमी. चढ बेताचे, दगडी कुंपणांमधून जाणारी कच्ची वाट आणि मेंढ्या. फाटकं मात्र सारखी येतात. उघडलेलं फाटक मागे लावायला विसरू नका.

पाय तयार झाले की नॉर्थ यॉर्क मूर्समध्ये रोझडेलची जुनी रेल्वेवाट. लोहखनिज वाहणारी ही लाइन १८६१ ला सुरू झाली, १९२९ ला बंद पडली. रूळ गेले, पण सपाटी राहिली. ब्लेकी रिजवरून ब्लोवर्थ क्रॉसिंगकडे निघालात की माळरानावर वळणं घेत जवळजवळ चढाशिवाय जाता. ऑगस्टमध्ये जा, हेदर (जांभळ्या फुलांचं झुडूप) फुललेलं असतं. आपल्या कासची आठवण येतेच, फक्त इथला वारा समोरून आला की सपाटीचाही घाट होतो. आडोसा कुठेच नाही, जॅकेट उन्हाळ्यातही घ्या.

एक नियम पाठ करा: वाटेवरच्या खुणेचा निळा बाण म्हणजे ब्रायडलवे (घोडेस्वारांनाही खुली वाट), तिथे सायकल चालते (१९६८ च्या कायद्यापासून). पिवळा बाण फक्त पायी जाणाऱ्यांचा. ब्रायडलवेवरही चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी वाट द्यायची. मी पहिल्याच आठवड्यात पिवळ्या बाणामागे गेलो आणि एका शेतकरी आजोबांनी अतिशय नम्रपणे मला परत पाठवलं, चढावरून!