बोअर कोरडी का गेली विचारणारी पोरगी आणि तेलाखालचे थर

निपाणी भागातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. थोडक्यात असं, की शेतात तीन बोअर मारल्या, पाणाड्यानं तळहातावर नारळ उभा करून जागा दाखवली, दोन कोरड्या गेल्या, तिसरीला जेमतेम दोन इंच पाणी, आणि बांधाला लागून शेजाऱ्याच्या बोअरला मात्र धो धो. तेव्हापासून पीयूसी सेकंड इयरला, म्हणजे बारावीला असलेली लेक "जमिनीखाली काय असतं तेच शिकणार" म्हणून हटून बसलीय. त्यात आखातात असलेला आत्तेभाऊ म्हणतो, तेलाच्या फील्डमध्ये फॉल्ट (खडक फाटून एक बाजू सरकलेली जागा) आणि खडकांचे थर बघणाऱ्यांना चांगलं काम आहे. वडिलांचे प्रश्न तीन: हे काम नेमकं काय, पोरीला झेपेल का, आणि एका प्रायव्हेट कॉलेजात पेट्रोलियम इंजिनिअरिंगला डोनेशन भरून घालू का.

दादा, डोनेशनचं आधी सांगतो. नको. एवढ्यासाठी जमीन तारण ठेवू नका. पेट्रोलियम इंजिनिअर मुख्यतः सापडलेलं तेल वर कसं काढायचं ते बघतो, विहीर कशी खोदायची, प्रेशर किती, उत्पादन किती. ते पण मोठं काम आहे, पण तुमच्या लेकीला पडलेला प्रश्न त्याच्या आधीचा आहे, इथं आहे आणि तिथं का नाही. तो जिऑलॉजी, म्हणजे खडकांचं शास्त्र, आणि जिओफिजिक्स, म्हणजे जमिनीखालचं मोजायचं फिजिक्स, यांचा.

आता काम काय ते तुमच्याच रानातनं सांगतो. आपल्याकडं विहीर खणताना माती, मग मुरूम, मग काळा फत्तर आणि मधेच कधी लाल मातीचा पट्टा लागतो ना, तो लाव्हाच्या दोन थरांच्या मधला असतो. समजा तुमच्या बोअरला तो पट्टा ९० फुटांवर लागला आणि शेजाऱ्याच्या बोअरला १२० वर. मग हा ३० फुटांचा फरक आला कुठनं? थर तिरका आहे, की मधे खडक फाटून एक बाजू खाली सरकलीय, की मुळात दोन्ही पट्टे एकच नाहीत आणि आपण उगाच जोडतोय? बघा, तेलातला इंटरप्रिटर, म्हणजे जमिनीखालच्या थरांचा अर्थ लावणारा माणूस, आयुष्यभर हाच प्रश्न सोडवत बसतो, फक्त खोली दोन-तीन किलोमीटर आणि बोअर एकमेकांपासून लांब लांब. (आपल्या फत्तरात थर बहुतेक आडवेच आणि मोठे फॉल्ट कमी, तुमच्या बोअरचा फरक बहुधा भेगांचा असणार, पण विचार करायची पद्धत तीच.)

दोन बोअरच्या मधल्या जागेत काय आहे ते दिसावं म्हणून सिस्मिक करतात. वरनं धक्का द्यायचा, जमिनीवर व्हायब्रेटर ट्रकनं किंवा छोट्या स्फोटानं, समुद्रात एअरगननं, आणि प्रत्येक थरावरनं परत येणारा आवाज रेकॉर्ड करायचा. त्यातनं पडद्यावर थरांच्या रेघा दिसतात आणि रेघा जिथं तुटून खालीवर होतात तिथं फॉल्ट. ऐकायला सोपं आहे, पण ते चित्र मुळात आवाज परत यायला किती वेळ लागला त्याचं असतं, खोलीचं नाही, आवाज कुठल्या खडकातनं किती वेगानं गेला ते चुकलं की खोली पण चुकते, आणि १५-२० मीटरपेक्षा कमी सरकलेला फॉल्ट बऱ्याचदा दिसतच नाही. म्हणून विहिरीतले लॉग (उपकरण आत सोडून केलेली मोजणी), खडकाचा चुरा, कोअर (खालनं कापून काढलेला अखंड दगड) सगळं त्याच्याशी जुळवून बघावं लागतं.

आणि फॉल्ट सापडला म्हणजे काम झालं असं नाही, खरी मजा तिथनं पुढं. तेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर वर सरकत जातं आणि कुठं अडलं तर साठतं. फॉल्टनं वाळूच्या खडकासमोर शेल, म्हणजे चिकणमातीचा दगड, आणून ठेवला तर तेल अडतं. वाळूसमोर वाळूच आली तर पलीकडं निसटतं, पण तिथंही कधी कधी अडतं, कारण सरकताना मऊ शेल फटीत लिंपला जातो, आपण कणगी शेणानं लिंपतो तसा. मग मोजायचं, कुठल्या खोलीला कुठला थर कुठल्या थरासमोर आलाय, सरकलेल्या भागात शेल किती होता. राजस्थानात बाडमेरचं मंगला फील्ड २००४ मध्ये सापडलं, तिथं जमीन ताणली जाऊन फाटली, तुकडे तिरके झाले आणि त्या तिरक्या तुकड्यांत तेल अडकलं. तिथं फॉल्ट समजल्याशिवाय तेल समजतच नाही.

मी धारवाडला जिऑलॉजी शिकून काही वर्षं विहिरींवर काढली, एका कंपनीची गोष्ट सांगतो. खोदताना खालचा चुरा, विहिरीत फिरवत ठेवलेल्या चिखलाबरोबर वर यायला तासभर किंवा जास्त लागतो, तेवढा वेळ नुसतं थांबायचं. आम्ही वाळूच्या एका थराची वाट बघत रात्रभर जागलो, भिंगाखाली चुरा बघून बघून डोळे लाल, आणि वाळू आलीच नाही, वरच्या शेलनंतर थेट खालचा शेल. नकाशावरचा फॉल्ट प्रत्यक्षात थोडा बाजूला होता आणि आमची विहीर बरोबर त्यातनंच गेली, नेमका तो थरच गायब. थर गायब झाला तर खडक ताणून फाटलेला, एकच थर दोनदा लागला तर बहुधा दाबून एकावर एक चढलेला, हे पुस्तकात वाचलं होतं पण कळलं त्या रात्री. पैसा कोटींत गेला आणि सकाळी कँटीनमध्ये कोणी कुणाशी बोललं नाही. असला दिवस ज्याला पचतो त्यानं या लायनीत यावं.

आता कोणतरी विचारणारच, मग निपाणीत तेल आहे का? नाही हो. तेल व्हायला जैविक गाळ साठून तापावा लागतो, आपल्याकडं लाव्हा. पण गंमत बघा, गुजरातच्या खंबात खोऱ्यात, अंकलेश्वरकडं, तेलाच्या थरांच्या तळाला आपलाच हा डेक्कनचा काळा फत्तर आहे, गाळ त्याच्यावर साठला. त्यामुळं आपल्या पोरांना तो परका नाही.

वाट अशी. पीयूसीला पीसीएम पक्कं करायचं, विशेषतः फिजिक्स, कारण लाटा समजल्या नाहीत तर सिस्मिक नुसतं चित्रच राहतं. मग बीएस्सी जिऑलॉजी, जोडीला फिजिक्स-मॅथ्स मिळेल असं कॉलेज. धारवाड आहे, पणजी आहे, पुण्यात फर्ग्युसन आहे. इंजिनिअरिंगला महाराष्ट्रात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी प्रवेशाचा वेगळा टाइप असतो, बीएस्सीला मात्र त्या त्या विद्यापीठाचं माहितीपत्रक नीट वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबई, खरगपूर, रुरकी किंवा धनबादला एमएस्सी. मग गेट ही देशपातळीवरची परीक्षा. ओएनजीसीसारख्या तेलाच्या सरकारी कंपन्यांनी त्या स्कोअरवर बरीच वर्षं भरती केलीय, पण पद्धत बदलत असते, जाहिरात बघायची. त्याशिवाय यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा आहे, तिथनं भूजल विभागातसुद्धा जाता येतं, म्हणजे तुमच्या बोअरकडेच परत. आणि थोडं पायथॉन, म्हणजे कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंग. ओपनडीटेक्ट नावाचं सिस्मिक बघायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, उत्तर समुद्रातल्या एका ब्लॉकचा खरा सिस्मिक डेटा पण त्याच्याबरोबर फुकट, तिनं सुट्टीत त्यावर चार फॉल्ट ओढून बघावेत. कंटाळा आला तर आत्ताच कळेल.

पोरीला झेपेल का? इंटरप्रिटेशन बहुतेक ऑफिसात कॉम्प्युटरसमोरचं काम आहे, मुली करतात, चांगलं करतात. विहिरीवरची ड्युटी आली तर समुद्रात १४ दिवस काम १४ दिवस सुट्टी असा प्रकार असतो, त्याची तयारी तिची हवी, तुमची पण. मराठी मीडियमची काळजी करू नका, जिऑलॉजीची इंग्रजी इंग्लिश मीडियमवाल्यांना पण नवीनच असते.

आत्तेभाऊ जे सांगत नाही ते मी सांगतो. तेलाचा बाजार यात्रेतल्या पाळण्यासारखा. २०१४ ला १०० डॉलरच्या वर असलेलं तेल २०१६ च्या सुरुवातीला ३० च्या खाली, आणि एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत एक दिवस भाव चक्क शून्याखाली गेला. असल्या वेळी शोधाचं बजेट पहिलं कापतात आणि आमच्यासारखे घरी बसतात. म्हणूनच नुसती "तेलाची" डिग्री नको म्हणतोय. आपल्या कर्नाटकातच मंगळूर आणि पाडूरला जमिनीखाली खडकात गुहा कोरून देशाचा तेलसाठा ठेवलाय, तिथं पण भेगा आणि फॉल्ट कुणीतरी मोजलेच की. बोगदे, धरणं, भूजल, सगळीकडं हेच लागतं.

पाऊस ओसरला की तिला घेऊन गोकाकला जा. धबधब्याचे फोटो नंतर, निपाणीहून जाताना काळा फत्तर कुठं संपून लालसर वाळूचा दगड कुठं चालू होतो ते तिला वहीत टिपू दे, फत्तर साडेसहा कोटी वर्षांचा आणि तो दगड शंभर कोटींच्या घरातला, मधला सगळा काळ गायब आहे. कुठं गेला असेल ते तिलाच लिहू दे. आणि चौथी बोअर मारायचा विचार आहे असं तुम्ही पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय, ते जरा थांबवा. आधीच्या तिन्ही बोअरना किती फुटांवर काय लागलं, लाल पट्टा कुठं, ओल कुठं, गाडीवाल्याला आणि शेजाऱ्याला विचारून तिला एका कागदावर काढायला सांगा आणि तो कागद मला पाठवा.