संशोधनपद्धतीच्या तासाला जाण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

येत्या सत्रापासून समाजशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाला तू संशोधनपद्धती शिकवणार आहेस आणि चॅटजीपीटीसारख्या साधनांवर वर्गात सरसकट बंदी घालावी का, असे तू विचारले आहेस. बंदी घालू नकोस. ती पाळली जाते की नाही हे तुला कळणार नाही आणि जे विद्यार्थी मोकळेपणाने विचारायला आले असते, तेही लपवू लागतील.

यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखण्याचा दावा करणाऱ्या सॉफ्टवेअरवरही विसंबू नकोस. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात सॉफ्टवेअर तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध त्यांनी यंत्राचे ठरवले. मराठी माध्यमातून आलेली, मोजक्या शब्दांत साधे इंग्रजी लिहिणारी मुलगी अशा अहवालावरून दोषी ठरली, तर तिला आपण काय उत्तर देणार? उलट बाजूही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीतली इतरांच्या मजकुराशी 10 टक्के साम्याची मर्यादा विद्यार्थ्यांना पाठ असते आणि अहवाल त्याखाली आला की काम निर्दोष झाले, असे ते धरून चालतात. साम्य मोजणारे सॉफ्टवेअर फक्त जुळणारा मजकूर शोधते; यंत्राने नव्याने रचलेली वाक्ये त्यात सापडतीलच असे नाही. दुसऱ्याचे काम किंवा कल्पना आपली म्हणून मांडणे, ही वाङ्मयचौर्याची व्याख्या त्याच नियमावलीत आहे. ती वर्गात वाचून दाखव.

संदर्भांच्या बाबतीत माझीच चूक तुला सांगते. एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातल्या प्रकरणावर मी समाधानाने सही केली होती. नंतर त्यातला एक लेख वाचावासा वाटला म्हणून शोधायला गेले, तर नियतकालिक खरे, लेखक खरे, पण तो लेख कधी लिहिलाच गेलेला नव्हता. एका शब्दामागून कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक, हे मोजत यंत्र वाक्य रचते, त्यामुळे खोट्या संदर्भाची घडणही खऱ्यासारखीच असते. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने चॅटजीपीटीने रचलेले असेच बनावट निवाडे सादर करणाऱ्या वकिलांना 5,000 डॉलरचा दंड केला. साधन वापरण्यात मुळात गैर काही नाही, हे न्यायाधीशांनी त्याच आदेशात नोंदवले होते. जो लेख स्वतः उघडून वाचला नाही तो संदर्भसूचीत घालायचा नाही, इतके विद्यार्थ्यांनी पाळले तरी पुष्कळ आहे.

मला खरी काळजी वाटते ती क्षेत्रकार्याची. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या मुलाखती घेऊन आलेला विद्यार्थी ध्वनिमुद्रणे लिहून काढतो, सगळा मजकूर यंत्राला देतो आणि त्यातली मुख्य सूत्रे मागतो. बाई सांगत असते, की उचल घेतली होती, आमचा कोयता लांबच्या कारखान्यावर गेला आणि त्याच साली पिशवी काढली. इथे उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, पिशवी म्हणजे गर्भाशय आणि कोयता म्हणजे हत्यार नव्हे, तर नवराबायकोची कामाची जोडी. एकट्या मजुराला अर्धा कोयता म्हणतात. यंत्राला हे कधी कळेल, कधी कळणार नाही, पण उत्तर दोन्ही वेळा सारख्याच ठामपणे येईल आणि चूक ओळखू शकेल तो फक्त फडावर बसून ऐकलेला माणूस. बाईची मजुरी जोडीच्या हिशेबात विरून जाते, हा प्रबंधाचा गाभा ठरू शकणारा मुद्दा त्या एका शब्दात आहे. सूत्रे काढण्याचे काम दुसऱ्यावर सोपवले की नेमका तोच हातून निसटतो.

शिवाय त्या बाईने आपले दुखणे समोर बसलेल्या विद्यार्थ्याला सांगितलेले असते, एखाद्या परदेशी कंपनीच्या सर्व्हरला नव्हे. नाव काढून टाकले म्हणजे झाले, असेही नाही. गाव, मुकादम, कारखाना आणि शस्त्रक्रियेचे साल एवढ्यावरून त्या तांड्यावरचा कोणीही तिला ओळखेल. म्हणून संमतीपत्रात याविषयी वेगळे वाक्य हवे, ते तिच्या बोलीत समजावून सांगायला हवे आणि ती नाही म्हणाली तर तिची मुलाखत हातानेच वर्गीकृत करायला हवी.

इंग्रजी सुधारून घेणे, सांख्यिकीचा कोड तपासून घेणे, आपल्या युक्तिवादावर आक्षेप मागवणे, याला माझी हरकत नाही. मात्र त्यासाठी एक वही ठेवायला लाव: तारीख, साधनाचे नाव, काय विचारले, त्यातले काय ठेवले आणि काय टाकले. पद्धतीच्या प्रकरणातला जाहीर उल्लेख त्या वहीतूनच लिहिता येतो. मौखिकीत मी नेहमी ती मागून घेते, कारण विद्यार्थ्याने काय टाकले आणि का टाकले, यावरून त्याची समज लगेच कळते.

सरावासाठी तू माझ्या जुन्या मुलाखतींच्या प्रती मागितल्या होत्यास. त्या मी पाठवत नाही, कारण त्या स्त्रियांनी दिलेली संमती माझ्या त्या एका अभ्यासापुरती होती. पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांनाच एकमेकांच्या घरच्या कामाविषयी मुलाखती घ्यायला सांग, त्या यंत्राला द्यायच्या का हे ज्याची मुलाखत आहे त्याला ठरवू दे आणि किती जण नको म्हणाले ते मला कळव.

तुझी मार्गदर्शक