रोजचा डबा वेगळा, रविवार वेगळा

अगं, रोज नवीन काय करू म्हणून टेन्शन नको घेऊ. आमच्या जळगावकडं सोमवार ते शनिवार साधंच असतं, सकाळी डब्याला पोळी-भाजी आणि रात्री कळण्याची भाकरी न् ठेचा, त्यासाठी 4 वाट्या ज्वारीला 1 वाटी अख्खे उडीद न् थोडं मीठ असं आधीच दळून आण म्हणजे आठवडा सुटतो. रविवारी मात्र घाई नकोच. थंडीत भरीतच कर, मोठी हिरवी वांगी घे, जमलं तर कपाशीच्या काड्यांवर भाज (गॅसवर ती चव येतच नाही गं), मग मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, सोबत पुऱ्या. शेवभाजी केलीस तर शेव वाढतानाच टाक, आधी टाकली की लगदा होतो.